न पाहता लिहिलेला शब्द

आमच्या पेपरात अपघाताची बातमी ‘भरधाव’ या शब्दाशिवाय उभीच राहत नाही. भरधाव ट्रकची धडक, भरधाव दुचाकी घसरली, भरधाव कार झाडावर. मी तालुक्याचा वार्ताहर. बाजारातल्या माझ्या स्टेशनरीच्या दुकानात बसून वीस-बावीस वर्षं बातम्या पाठवतो आहे. गेली काही वर्षं मी हा शब्द पाठवत नाही. पण अमरावतीत डेस्कवर बसलेली पोरं तो आपल्या मनानं घालतात, आणि सकाळी पेपर उघडला की माझं डोकं फिरतं. मी फोन लावतो. ‘अरे बाबा, तू पाह्यलं होतं का भरधाव?’ तिकडून हसण्याचा आवाज येतो. ‘काका, अपघात आहे म्हणजे भरधावच असणार ना!’

‘पाह्यलं होतं का’ हा प्रश्न माझा नाही. तो तायडे जमादारांचा. ते मागच्या महिन्यात अकोल्याला लेकीच्या घरी वारले. साखरेच्या आजारानं आतून पार पोखरले होते. मी बारा ओळींची बातमी पाठवली, ती दोन ओळींत छापून आली. सेवानिवृत्त पोलीस कर्मचारी, मागे पत्नी, मुलगी, जावई असा परिवार. त्यात चुकीचं काही नव्हतं. पण ज्या माणसानं नोकरीची शेवटची चार वर्षं आपल्याच हातानं लिहिलेला एक शब्द पुसायच्या मागं घालवली, त्याला दोन ओळी लय कमी झाल्या, राजेहो. म्हणून हे लिहायला बसलो.

आमचं गाव अमरावती-अकोल्याच्या मधल्या पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, कारण तेव्हाच्या ठाण्यातली माणसं अजून नोकरीत आहेत आणि मला इथंच राहायचं आहे. आमच्याकडे हवालदाराला जमादारच म्हणतात. सुखदेव तायडे हे तसे जमादार. उंच, किडकिडीत, चालताना डावा खांदा पुढे. टोपी डोक्यावर कमी आणि प्लास्टिकच्या पिशवीत जास्त, कारण धुळीनं ती खराब होते. चहा बशीत ओतून उभ्यानंच प्यायचे. बसा म्हटलं तर म्हणायचे, ‘बसलो का झोप येते, बाप्पा.’ माझ्या दुकानात यायचे ते शाईच्या पेनासाठी. बॉलपेननं लिहिलेलं त्यांना लिहिल्यासारखं वाटत नसे. आणि अक्षर काय सांगू! शाळेच्या पुस्तकातून काढून ठेवल्यासारखं. त्यांचे वडील निरक्षर होते, दुसऱ्याच्या वावरात राबायचे. घरात आलेला कुठलाही कागद, अगदी वाण्याच्या पुडीचासुद्धा, पोराकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. त्यामुळे कागदावर आलेलं सगळं खरंच असतं असं लहानपणी वाटायचं, हे जमादारांनी मला एकदा हसत सांगितलं होतं. पुढे ते हसत सांगत नसत.

मी ओळखू लागलो तेव्हा त्यांचं नाव ‘पंधरा मिनिटवाले जमादार’ असं होतं. अपघात कुठंही होवो, पंधरा मिनिटांत पंचनामा तयार. एरवी बोलणं सगळं वऱ्हाडी, पण कागदाला पेन लागलं की एकदम ‘सदर’ आणि ‘नमूद’. गाडी पलटली असं तोंडानं म्हणणार आणि हातानं ‘सदर वाहन पलटी होऊन’ असं लिहिणार. त्यातलं एक वाक्य तर ठाण्यात सगळ्यांनाच पाठ होतं: ‘यातील चालकाने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगाने, हयगयीने व निष्काळजीपणे चालवून.’ हे वाक्य ते घटनास्थळी पोचायच्या आत जीपमध्येच लिहून टाकायचे. फक्त नाव आणि गाडी नंबरापुरती जागा सोडायचे. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे आणि तेव्हा त्यांचं कौतुकही केलं आहे. माझी बातमी लवकर हातावेगळी व्हायची ना! दोघांचंही बरं चाललं होतं.

मग टाकळीचा अपघात झाला. वऱ्हाडात टाकळ्या पैशाला पासरी, त्यातली ही आमच्यापासून तीन कोसांवरची. टाकळीचा बंडू काळीपिवळी जीप चालवायचा. गाडी त्याची नव्हती, तालुक्याच्या एका मालकाची होती. दुपारची वेळ. गाडीत बंडू धरून पाच जण. त्यातले चार टाकळीचे. देवरावबुवांची एकुलती एक पोरगी माला बी.ए.चा पेपर द्यायला निघाली होती. दोघं नवरा-बायको बाजाराला. आणि वाटेत बसलेली दुसऱ्या गावची एक म्हातारी. पुलाजवळ गाडी रस्त्याखाली उतरली आणि फिरून नाल्यात पडली. टाकळीचे चारही जण जागीच गेले. म्हातारीची कंबर मोडली. तिला अकोल्याला नेलं आणि तिथून ती कोणत्या नातेवाइकाकडे गेली हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

रस्ता नवा होता, आणि तिथंच सगळे फसले. महिन्याभरापूर्वीच डांबर पडलेलं, काळंभोर, गुळगुळीत. खड्डा शोधून सापडला नसता. अशा रस्त्यावर भर दुपारी गाडी पलटते म्हणजे दुसरं काय असणार? जमादारांचा पंचनामा जीपमध्येच अर्धा झाला होता. मी त्यांच्या खांद्यावरून पाहून नावं उतरवली आणि फटफटीच्या सीटवर टेकूनच फोनवर बातमी सांगितली. दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आली: ‘भरधाव काळीपिवळी नाल्यात, चार ठार’. माझ्या नावानिशी आली म्हणून मी खूश झालो होतो. लाज वाटते सांगताना, पण झालो होतो.

ते कात्रण टाकळीच्या पारावर महिनाभर फिरलं. आमच्याकडे नाव पाडायला वेळ लागत नाही. बंडूला ‘भरधाव्या’ म्हणू लागले. त्याचं घर भरधाव्याचं घर झालं. त्याची बायको रंजना भरधाव्याची बायको झाली. तिची पोरगी शाळेत भरधाव्याची पोट्टी झाली. कोणी तिला वाळीत वगैरे टाकलं नाही, पण ती हापशीवर गेली की बाकीच्या बाया आपापल्या पाण्याच्या गुंड्या उचलून निघून जायच्या. वावरात निंदायला, तण काढायला, कोणी बोलवेना म्हणून ती दुसऱ्या गावी चालत जायची. आणि देवरावबुवा रोज सकाळी वावरात जाताना तिच्या दारासमोर थांबायचे. मोठ्यानं एकच वाक्य म्हणायचे, ‘भरधाव्या, माही पोरगी दे.’ एवढं म्हणून पुढं जायचे. पाऊस असो, ऊन असो, एक दिवस खाडा नाही. पोरगी गेलेल्या बापाला कोण काय म्हणणार? रंजना तेवढा वेळ दार लावून आत बसायची.

आठ महिन्यांनी ती ठाण्यात आली. तिला नवऱ्याचा डबा पाहिजे होता. स्टीलचा, तीन खणांचा, माहेरून मिळालेला. गाडी ठाण्याच्या आवारात लिंबाखाली गंजत पडली होती, डबा तिच्यात असेल म्हणाली. जमादार तिच्याबरोबर गेले. ड्रायव्हरच्या बाजूचं दार चेपलेलं, दुसऱ्या बाजूनं आत शिरावं लागलं. डबा सीटखाली अडकला होता. तो ओढायला ते ड्रायव्हरच्या जागेवर बसले आणि आधारासाठी पाय दाबला. पाय ब्रेकच्या पेडलवर होता. पेडल कुठंही न अडता सपशेल खाली गेलं.

‘पाय असा गेला, का पायरी चुकल्यासारखं झालं,’ ते मला नंतर म्हणाले. डबा रंजनाच्या हातात दिला, तिला घरी लावून दिलं, आणि मग वर्दीसकट गाडीखाली आडवे झाले. ब्रेकच्या तेलाची नळी सायकलच्या ट्यूबच्या रबरानं गुंडाळून वरून तारेनं बांधलेली होती. रबर कडक होऊन फाटलेलं. बंडूनं मालकाला सांगितलेलं होतं, हेही पुढे जमादारांच्याच चौकशीत कळलं. मालक म्हणाला होता, ‘दिवाळीपर्यंत चालव, मंग पाहू.’

त्या दिवशी संध्याकाळी जमादार माझ्या दुकानात आले आणि पहिल्यांदाच स्टुलावर बसले. चहा मागवला, तो तसाच राहिला. म्हणाले, ‘म्या पाह्यलं नोतं गा. तू पाह्यलं होतं का?’

मी म्हटलं, ‘काय?’

‘भरधाव.’

त्यांनी लिहिलं म्हणून मी लिहिलं होतं, आणि मी छापलं म्हणून सगळ्यांना ते खरं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते पुलावर गेले. काकूंची शिवणकामाची पिवळी टेप खिशात टाकून गेले. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी, गावातल्या निम्म्या बायांचे झंपर त्याच शिवायच्या. रस्ता नवा होता, पण नवं डांबर जुन्यावरच थरावर थर चढवलेलं आणि बाजूची साइडपट्टी कोणी भरलीच नव्हती. कडेला टेप सोडली तर सव्वा फूट. आपली काळी माती पावसात खचते आणि उन्हात फाटते. तिच्यावर हा ओटाच बांधून ठेवलेला, म्हणा ना. चाक एकदा खाली उतरलं की वर चढायची सोय नाही.

मग त्यांनी ती म्हातारी शोधून काढली. दोन रविवार गेले त्यात. ती मूर्तिजापूरकडे लेकाकडे होती. जमादारांनी विचारलं, गाडी जोरात होती का माय? म्हातारी म्हणाली, ‘कायची जोरात, बाबा! मी पान लावून राहिली होती. चुना बोटाले घेतला होता, सांडला नाही. समोरून टरक आला, हा बाजूले झाला, अन् मंग मले काई आठोत नाही.’ पळत्या काळीपिवळीत बोटावरचा चुना सांडला नाही, ही साक्ष जमादारांनी जशीच्या तशी लिहून घेतली. ‘सदर’, ‘नमूद’ काही न घालता.

पण उपयोग काय? ज्याच्यावर गुन्हा, तो बंडू मेलेला. आरोपी मयत म्हणून प्रकरण केव्हाच बंद झालेलं. खटलाच नाही, तर साक्ष कुठं द्यायची आणि नळी कोणाला दाखवायची? जमादारांनी पुरवणी पंचनाम्यासाठी अर्ज केला. साहेब म्हणाले, ‘तायडे, आता काय राह्यलं त्याच्यात?’ त्यांनी दुसरा अर्ज केला. साहेब बदलले, मग तिसरा केला. नवीन साहेबांनी जवळ बसवून समजावलं की असं खोदत बसलात तर तुमच्या आधीच्या सगळ्या पंचनाम्यांवर बोट येईल. जमादार म्हणाले, ‘येऊ द्या साहेब.’ अर्ज फायलीला लागला. त्यापुढं तो हलला नाही.

मग ते माझ्याकडे आले. चुकीची बातमी तू छापली, तर बरोबर बातमीही तूच छाप, असं त्यांचं साधं म्हणणं. मी डेस्कला फोन केला. दीड वर्षापूर्वीचा अपघात, कोर्टाचा निकाल नाही, कोणाचा आरोप नाही, मग बातमी कशाची? मी जोर लावून भांडलो असं लिहायला मला आवडलं असतं. मी भांडलो नाही. डेस्कवाले नाही म्हणतात, असं जमादारांना सांगितलं आणि वहीवर धूळ नसताना फडकं मारत बसलो. ते म्हणाले, ‘जाऊ दे. तुहीबी नोकरीच हाय.’ मी शिव्या खायच्या तयारीत होतो. त्यांनी एकही दिली नाही, आणि ते मला जास्त लागलं.

त्यानंतर पंधरा मिनिटवाले जमादार तालुक्यातले सगळ्यात ढिले जमादार झाले. एकेका पंचनाम्याला अर्धा दिवस. टेप खिशात कायमची. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली. टायरवर तळहात फिरवायचा, नक्षी राहिली आहे की नुसतं रबर हे पाहायचं. ब्रेक हातानं दाबायचा. लाइट पेटवून पाहायचे. आणि एकच प्रश्न: का, आमच्या बोलीत ‘कावून’. गाडी घसरली. कावून? गिट्टी होती. कावून? खड्डा भरला होता, डांबर टाकलं नाही. कावून? त्याच्यापुढं कोणाला उत्तर यायचं नाही. पोरांनी त्यांचं नाव ‘कावून जमादार’ पाडलं. एकदा रस्त्यात वाकून टेप लावताना पाहून फाट्यावरचा पानठेलेवाला ओरडला, ‘जमादार, सडकीले झंपर शिवता का?’ ते मान वर न करता म्हणाले, ‘शिवतो ना. माप त नीट घेऊ दे.’ हे ऐकून आम्ही पोट धरून हसलो. ते नाही हसले.

कोणाला वाटेल त्यांनी त्या शब्दाशी वैरच धरलं. तसं नव्हतं. एका बड्या घरच्या पोरानं बाजारच्या दिवशी नवी गाडी भाजीवाल्यांत घातली, तेव्हा ठाण्यात फोन यायला लागले की रस्ता खराब होता असं लिहा, तुमचे जमादार नाहीतरी तसंच लिहितात. जमादारांनी चाकांच्या घसरणीचे व्रण मोजले, पाच माणसांना वेगवेगळं विचारलं, आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं, भरधाव. मला म्हणाले, ‘शब्दाले माही ना नाही. पाहून लिहा, एवढंच म्हणतो.’ त्या कागदावरून त्यांची दोनदा चौकशी झाली. ते पाहून लिहिलं होतं म्हणून त्यांना झोप लागत होती, असं काकू सांगायच्या.

आणखी एक गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस कळेल. एक मास्तर सकाळी शाळेत जाताना फटफटीवरून पडले, पाय मोडला. रस्त्याच्या मधोमध डोक्याएवढे चार गोटे. नवा शिपाई लिहायला निघाला, भरधाव. जमादार गोट्यांपाशी उकिडवे बसले. बाजूला डांबरावर ऑइलचा डाग होता, ताजा. रात्री तिथं ट्रक बंद पडलेला. मागून कोणी धडकू नये म्हणून ड्रायव्हरनं बांधावरचे गोटे आणून मांडले, गाडी दुरुस्त झाली, आणि गोटे तिथंच ठेवून निघून गेला. आपल्याकडे सगळेच असं करतात. मीही केलं आहे. जमादार म्हणाले, ‘पाहा, दुसऱ्याले वाचवाले मांडले, अन् त्याईच्यानंच माणूस पडला. वाईट कोणीच नाही याच्यात.’ तेव्हापासून रस्त्यात गोटा दिसला की ते थांबायचे. भाचीच्या लग्नाला निघालेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले तायडे जमादार बडनेऱ्याच्या रस्त्यावर गोटे उचलताहेत, हे मी एसटीच्या खिडकीतून पाहिलं आहे. काकू छत्री धरून बाजूला उभ्या होत्या आणि चिडल्या होत्या.

या सगळ्यात टाकळी काही त्यांच्या डोक्यातून जात नव्हती. ते दोन-तीनदा रंजनाकडे गेले. नळीचं, कडेचं, म्हातारीचं तिला सांगितलं. ती ऐकून म्हणाली, ‘मले त मालूमच होतं, जमादार. हे बुवाले सांगा.’ मग ते देवरावबुवांच्या वावरात गेले. बुवांनी दुरून वर्दी पाहिली आणि बैल दुसरीकडे वळवले. जमादार बांधावर तासभर उभे राहून परत आले. पोलीस भरधाव्याच्या बायकोच्या बाजूचे झाले, एवढंच गावात पसरलं. त्यामुळे रंजनाचं आणखी कठीण झालं. हे जमादारांनीच मला सांगितलं.

ते निवृत्त झाले. ठाण्यात हार, नारळ, फोटो झाला. दुसऱ्या आठवड्यात सकाळीच दुकानात आले, साध्या कपड्यांत. ‘टाकळीले ग्रामसभा हाय उद्या. नेशील का मले?’

मी म्हटलं, ‘तुम्ही त्या गावचे नाही. बोलू देतील का?’

‘इचारून पाहू. वर्दीत होतो तवा साहेबाचा हुकूम लागे. आता माह्या तोंडाले कोण अडवते?’

दुसऱ्या दिवशी निघताना त्यांनी माझी फटफटी आधी तपासली. दोन्ही चाकं दाबली, मागचा लाइट पेटतो का पाहिलं. पेटत नव्हता. मला कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडे थांबवून बल्ब बदलायला लावला. उशीर झाला म्हणून मी कुरकुर केली. त्यांनी लक्ष दिलं नाही.

समाजमंदिरात साठ-सत्तर माणसं होती. घरकुलांच्या याद्या, पाणी, नाली, जोराजोरानं चाललं होतं. देवरावबुवा पुढच्या रांगेत, खांद्यावर दुपट्टा, कोणाकडे न पाहता. रंजना दाराबाहेर उभी होती, उंबऱ्यापासून दोन हात लांब. सरपंचांनी आधी कां-कूं केलं, मग म्हणाले, बोला पाच मिनिटं.

जमादार उभे राहिले. हातात कागद नव्हता. ‘सदर’ नाही, ‘नमूद’ नाही. म्हणाले, ‘मी सुखदेव तायडे. बंडूच्या गाडीचा पंचनामा म्या लिहिला. त्याच्यात म्या भरधाव लिहिलं. म्या पाह्यलं नोतं. कोणीच पाह्यलं नोतं. आदत होती म्हणून लिहिलं. गाडीचा ब्रेक गेला होता, मालकानं दुरुस्त केला नाही. सडकीची कड सव्वा फूट खाली होती, कोणी भरली नाही. समोरून ट्रक आला, बंडूनं गाडी बाजूले घेतली, चाक उतरलं अन् गाडी फिरली. गाडी हळू होती. हे म्या मंग तपासलं, पण तवा उशीर झाला होता. कागद बदलत नाही, लय कोशिश केली. म्हणून तोंडानं सांगाले आलो. तो शब्द माहा होता. बंडूचा नोता. तिच्या लेकराले त्या नावानं हाका मारू नका.’

मागं कोणीतरी खोकललं. मीही उभं राहून माझ्या बातमीबद्दल बोलायला हवं होतं. मी उठलो नाही. हे मी इथं लिहितो आहे तेवढंच.

देवरावबुवा हळूहळू उठले. आवाज फार खालून आला. ‘मंग मी आता कोणाले शिव्या देऊ?’

जमादार म्हणाले, ‘मले द्या.’

आणि बुवांनी दिल्या. राजेहो, मी असं कधी ऐकलं नाही. चार वर्षांचं साठलेलं सगळं बाहेर आलं. जमादारांच्या आईला, बापाला, पेनाला, हाताला, त्या हातानं खाल्लेल्या अन्नाला. दोन पोरं बुवांना धरायला धावली, तर जमादारांनीच हात करून त्यांना थांबवलं. ते मान खाली घालून उभे होते, शाळेत पट्टी खाणाऱ्या पोरासारखे, आणि एकेक शिवी ऐकत होते. मध्येच बुवांना धाप लागली, ते खांबाला टेकले. शिव्या संपल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, अगदी हळू, जवळच्या माणसाला विचारावं तसं:

‘त्यानं काई केलं होतं का गा, जमादार? माह्या पोरीले वाचवाले?’

जमादारांनी मान वर केली. ‘हँडब्रेक ओढला होता, बुवा. म्या गाडीत पाह्यला. दांडी पार वर आलेली. दांडीले तार बांधली होती, ती इतकी ओढली, का तुटून हातात आली. ती तार त्या दिवशी त्याच्या मुठीत होती. पंचनाम्यात म्या लिहिली नाही.’

ही गोष्ट त्यांनी मला चार वर्षांत सांगितली नव्हती. बरं केलं. मी बातमी केली असती. दाराबाहेरून रंजनाचा आवाज आला, रडण्याचा. नवरा गेल्यापासून गावानं तो आवाज ऐकला नव्हता. सगळ्या माना तिकडं वळल्या. देवरावबुवा खांब सोडून दारापर्यंत गेले. मला वाटलं, आता काय करतात. ते उंबऱ्याच्या आत थांबले, खांद्यावरचा दुपट्टा काढून तिच्या हातात दिला, डोळे पुसायला. म्हणाले, ‘आत ये वो, रंजना. बाहेर नोको उभी राहू.’

ती आत आली. बायांनी सरकून जागा केली. मी जमादारांकडे पाहिलं. ते तिथंच उभे होते, मोकळ्या झालेल्या जागेत, एकटे. उजवी मूठ गच्च आवळलेली, आणि ती सोडायचं त्यांच्या लक्षात येत नव्हतं.